हत्तीला चादर कशी पांघरावी? चित्रपुस्तकावरून मुलांना कृती लिहायला लावताना

‘चहा कसा करावा’ लिहायला सांगितलं की मुलं चार ओळींत मोकळी होतात. चहा सगळ्यांनाच येतो, मग सांगायचं कुणाला? त्यापेक्षा चित्रांचं पुस्तक घ्या आणि त्यातल्या एखाद्या प्राण्याची अडचण पोरांच्या गळ्यात घाला.

पुस्तक मोठ्या चित्रांचं, थोड्या मजकुराचं हवं. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. मजकूर झाकून नुसती चित्रं दाखवा. मग अडचणीच्या पानावर थांबून विचारा, ‘आता याचं काय करायचं?’

आमच्या पानावर थंडीने कुडकुडणारा हत्ती होता. पोरं सोलापूरची, त्यामुळे उत्तर एका सुरात आलं: चादर! एकाने लगेच लिहिलंही, ‘चादर घ्या. हत्तीवर टाका. झालं.’

इथे लाल पेन काढू नका. एका मुलाला हत्ती करून ओणवं करा, दुसऱ्याच्या हातात कृती द्या आणि लिहिलंय तेवढंच करायला सांगा. आमच्या गड्याने घडीसकट चादर हत्तीच्या पाठीवर आदळली. हत्ती भुईसपाट! लिहिणारा स्वतःच ओरडला, ‘थांबा, बदलतो.’ मग हे आलं:

‘साहित्य: एकत्र शिवलेल्या बारा चादरी, शिडी, कडक भाकरी. आधी हत्तीला बसवा. बसत नसेल तर सोंडेपुढे भाकरी मोडा. कट्ट आवाज आला की बसतो. तो खातोय तोवर शिडीवर चढून चादर उलगडा. कान बाहेर ठेवा, नाहीतर हाक ऐकू जाणार नाही.’

कानांची ती ओळ कुणी शिकवली नव्हती. हत्ती झालेल्या पोराची तक्रार होती ती.

फळ्यावर ‘साहित्य’ आणि ‘आधी, मग, तोवर’ एवढं पुरे. ‘घ्या’ लिहायचं की ‘घ्यावे’, हे मुलांनी ठरवावं. फक्त सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरं नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. एखादा तेलुगू शब्द आला तर खोडू नका, शेजारी मराठी शब्द लिहून घ्या. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

कृती पक्की झाली की झाकलेला मजकूर उघडून वाचा. आमच्या पुस्तकात हत्तीसाठी शेकोटी पेटवली होती. पोरांना ती अजिबात पटली नाही.