आधी पाय, मंग पाय: डेबऱ्या पोराला मिडफिल्डर कसं करावं

आमच्या वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे बघ, आणि पाय म्हणजे पायही. फुटबॉलमध्ये मिडफिल्डरला, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याला, शिकवायचं ते एवढ्यात येतं: आधी पाय, मंग पाय. मी शाळेचा मास्तर नाही. सात एकर पऱ्हाटी आणि तूर, आणि संध्याकाळी गावठाणाच्या मोकळ्या जागेत वीसेक पोट्टे. हे शिकलो ते घेओर्गे हाजीकडून. त्याचे जुने सामने पोराच्या मोबाईलवर धुऱ्यावर बसून पाहिले, थांबवून-थांबवून.

हाजी रोमानियाचा फुटबॉलपटू, 1965 चा जन्म, डावखुरा. पोरगं डेबरं, म्हणजे डावखुरं, निघालं की आपले लोक त्याला डावीकडच्या रेषेला चिकटवून टाकतात. तसं करू नका. हाजीचं घर मैदानाच्या मधोमध होतं. तिथून तो कडेला सरकायचा, वाटलं तर परत आत यायचा. पोराला मोकळं ठेवा आणि त्याचा डावा पाय 'सुधारायला' जाऊ नका.

आता सराव. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, पुढं पाच नंबरचा. काळ्या मातीला भेगा पडल्या की चेंडू कुठंही उसळतो, म्हणून निदान दहा पावलांचा पट्टा मुरूम टाकून सारखा करा. पोराला मध्ये उभं करा. पुढून एकानं पास द्यायचा, मागं दुसऱ्यानं हाताची बोटं दाखवायची: दोन, तीन, चार. चेंडू पोचायच्या आत पोरानं मान वळवून आकडा ओरडून सांगायचा. चुकला तर चेंडू परत. पहिल्या आठवड्यात चेंडू पायातून सुटतो आणि पोट्टे वैतागतात. एक तर म्हणाला, "काका, मी मांगं पायलं तं बॉल कोन पायन?" प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की चेंडू वाटेत असतानाच दोनदा मागं पाहून घ्यायचं, अन् पायाजवळ आला की फक्त चेंडू.

आकडा जमला की उभं राहणं शिकवा. पास देणाऱ्याकडं छाती करून नाही, आडवं, अर्धं वळून. चेंडू लांबच्या पायानं घ्यायचा, म्हणजे पहिल्याच स्पर्शात तोंड गोलकडं होतं. मागं तुऱ्हाट्या रोवून दोन फाटकं करा. बोटं दाखवणाऱ्यानं ज्या बाजूला हात केला, त्या फाटकातून पास गेला पाहिजे. 1994 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध हाजीनं साथीदार दुमित्रेस्कूला दिलेला पास पोरांना दाखवा. बचाववाले हाजीकडं धावत होते आणि चेंडू त्यांच्या उलट दिशेनं निघून गेला. रोमानियानं तो सामना 3-2 नं जिंकला.

लांबचा फटका शेवटी शिकवा. त्याच स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध हाजीनं डावीकडून, पार दूरून, चेंडू गोलकीपर कोर्दोबाच्या डोक्यावरून आत टाकला. लोक पायाचं कौतुक करतात. मी म्हणतो, त्यानं कीपर जागेवर नाही हे आधी पाहिलं होतं. सरावासाठी दोन बल्ल्यांना आठ फुटांवर दोर बांधा, गोलच्या दांड्याची उंची तेवढीच असते. पुढं मध्ये एक पोरगं हात वर करून उभं करा. चेंडूच्या खालच्या भागाला मारायचं, अंग किंचित मागं. हातावरून गेला आणि दोराखालून आत पडला तरच धरायचा. दहातून दोन पडले तरी पुष्कळ.

एक गोष्ट सामन्यांबाहेरची. मागं एका निवड चाचणीत आमच्या सगळ्यात चांगल्या पोराला त्याच्याकडं बूट नाहीत म्हणून पळूच दिलं नाही. आठ दिवस तो मैदानाकडं फिरकला नाही. मी त्याच्या घरी जाऊन ब्रेशियाचं सांगितलं. हाजी 1992 मध्ये रियाल माद्रिद सोडून इटलीतल्या त्या लहान संघात गेला, पुढच्याच वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. तरी तो तिथंच खेळला. 1994 मध्ये संघ परत वर आला आणि त्याच उन्हाळ्यात त्याला बार्सेलोनानं घेतलं. पोरगं काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी आलं.

राग मात्र हाजीकडून घेऊ नका. 2000 मध्ये कोपनहेगनला आर्सेनलविरुद्ध युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, जादा वेळ चालू, आणि यानं आर्सेनलच्या टोनी अॅडम्सला मारलं. लाल कार्ड. गालातासराय या त्याच्या तुर्की संघाचे दहा जण टिकले, पेनल्टीवर 4-1 नं जिंकले, म्हणून निभावलं. पुढच्याच महिन्यात इटलीविरुद्ध, देशाकडून शेवटच्या सामन्यातही लाल कार्डच. माझ्याकडं धक्काबुक्की झाली की त्या पोरानं त्या दिवशी फक्त बोटं दाखवायची. चेंडू नाही.

चेंडू दिसेनासा झाला की थांबा. ओल्या फडक्यानं माती पुसा, बाभळीचा काटा रुतलाय का ते हातानं चाचपून पहा, आणि चेंडू घरी न्या. मैदानावर ठेवला तर सकाळी शेळ्या त्याच्याशी खेळतात.