स्थलांतरावर थीसिस करताय? आधी एक खोली मोजा

दरवर्षी आर्किटेक्चरच्या थीसिसच्या सीझनला कुणीतरी ज्युनिअर फोन करतो, दादा विषय मायग्रेशन आणि रिडेव्हलपमेंट घेतलाय, साइट कुठली घेऊ. मुंबईत असशील तर गिरणगाव घे, दुसरं काय सांगणार. कोकणातनं, घाटावरनं माणसं आली, गिरणीत लागली, १९८२ च्या संपानंतर बहुतेकांचं सगळं विस्कटलं आणि आता त्याच चाळी पाडून टॉवर उभे राहतायत.

तर पहिलं काम, गूगल मॅप बंद करा आणि बीडीडी चाळीतली (ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली) एक खोली मोजा. १६० स्क्वेअर फूट. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका इमारतीत ८०. आणि हो, मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतात, बाहेरून लाकडी गॅलरी नसते! तरी दर जुरीला, म्हणजे परीक्षकांसमोर, कुणीतरी ड्रॉइंगमध्ये ती काढतंच, चाळ म्हटली की पिक्चरमधली गॅलरीच डोक्यात बसलीय आपल्या. मोरी, पोटमाळा, पलंग, देव्हारा, पॅसेजमध्ये ठेवलेली पिंपं, सगळं १:५० स्केलला काढा आणि मग विचारा रात्री कोण कुठे झोपतं. घरात आठ माणसं असली तर माणशी २० स्क्वेअर फूट येतात, हे एकदा शीटवर आलं की कॉन्सेप्टवर पानभर इंग्लिश लिहावं लागत नाही.

मे महिन्यात जाऊ नका. मी गेलो होतो, निम्म्या दारांना कुलूप, सगळे गावी! शिमग्यालाही तेच. पण हे कुलूप म्हणजेच डेटा आहे बरं का, तीन पिढ्या मुंबईत काढून घर अजून दोन ठिकाणी आहे.

दारात उभं राहून ‘सर्व्हे करतोय’ म्हणू नका. तिथे सर्व्हे म्हणजे नव्या घराला पात्र की अपात्र, लोक एकतर फाईल काढून दाखवतात नाहीतर दार लावतात. कॉलेजचा अभ्यास आहे म्हणा, ओळखपत्र दाखवा, कुणा मावशींनी चहा दिला तर बसा. आणि पोटभाडेकरू भेटला तर त्याचा खोली नंबर शीटवर टाकू नका, तुमचे मार्क जातील-येतील पण त्याची खोली जाईल.

आता प्रोग्रॅम, म्हणजे तुमच्या इमारतीत काय काय असणार ते. इथे बहुतेकजण कम्युनिटी सेंटर आणि टेरेस गार्डन टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा जुनं काय चालायचं ते बघा. एका गावचे पुरुष मिळून खोली घ्यायचे, एकजण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा, जेवण खानावळीत, हिशेब महिन्याचा, आणि खानावळ चालवणारी बाई बऱ्याचदा गिरणीकामगाराच्याच घरची. गोव्याहून आलेल्यांच्या गाववार कुडी (एका गावच्या लोकांची राहायची सामाईक जागा) होत्या, धोबीतलाव-माझगाव बाजूला. म्हणजे नव्या माणसाला शहरात पाय ठेवायला जागा होती. आज तो नवा माणूस कोण, तर डिलिव्हरीवाला, वॉचमन, हॉटेलातला पोऱ्या. बीडीडीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या भाडेकरूला ५०० स्क्वेअर फूट मिळतात (मिळायलाच हवेत, त्यावर नाक मुरडणाऱ्या आर्किटेक्टांचा मला वैताग येतो) पण या नव्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या प्लॅनमध्ये याची कॉट कुठे आहे ते आधी ठरवा, महिन्याच्या भाड्याच्या कॉट, खाली खानावळ, रात्रपाळीवाल्याला दिवसा झोपता येईल असा अंधार. एवढ्यावर अख्खा थीसिस उभा राहतो.

शेवटी वरळीच्या बीडीडीला जाऊन या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या रहिवाशांना पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, इमारती ४० मजली. तिथे प्लॅन काढत बसू नका. लिफ्ट बंद पडली की आजी काय करतात, शेजारी कोण आलं, मेंटेनन्स किती येणार, पूर्वी पॅसेजमध्ये होणारी हळद आता कुठे होते, एवढंच विचारा आणि घरी येऊन तुमचं सेक्शन (इमारतीचा उभा छेद) परत काढा.