बारोलो उघडताय? आधी या चुका टाळा

इटलीला जाऊन आलेलं कोणी ना कोणी हल्ली बारोलोची, म्हणजे तिकडच्या त्या नावाजलेल्या रेड वाइनची बाटली घेऊन येतंच, आणि मग आठ दिवसांत तिची वाट लागलेली मी बघतो. खूप वेळा बघितलंय म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावरून निकाल लावणं. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची असते आणि या द्राक्षाचा रंग मुळातच फिका, ग्लासामागे बोट धरलं तर दिसतं. वय झालं की कडेने विटकरी, नारिंगी झाक येते. माझ्या एका मित्राने बारा वर्षांची बाटली उघडली, रंग बघितला, तळाशी गाळ दिसला आणि "खराब झालीय रे" म्हणत अर्धी सिंकमध्ये ओतली पण. मी पोचलो तेव्हा बाकीची त्याच्या हातातून अक्षरशः काढून घेतली, जगमध्ये ओतली, गाळ बाटलीतच ठेवला. तासाभराने तिला सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि मागून हलका डांबरासारखा वास यायला लागला, जो बारोलोची ओळख आहे. मित्र गप्प बसून होता. मला आजही त्या अर्ध्या बाटलीचं वाईट वाटतं. अहो, नियमानेच ही वाइन बाजारात येण्याआधी किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात, रिझर्वा, म्हणजे जास्त मुरवलेला प्रकार असेल तर 62 महिने. इतकी वर्षं कोणीतरी सांभाळलेली वस्तू दोन मिनिटांत ओतून द्यायची?

दुसरी चूक घाईची. बूच काढून बाटली तशीच ठेवली म्हणजे वाइनला हवा लागली असं नाही, बाटलीचं तोंड केवढं असतं! आठला जेवण असेल तर तरुण बारोलो मी चार-पाचलाच रुंद जगमध्ये ओततो, नाहीतर टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्यामुळे जीभ आणि हिरड्या कच्चं केळं खाल्ल्यासारख्या आवळून येतात आणि लोक म्हणतात, हिला वाइनचा राजा म्हणतात ना, राजा-बिजा काही नाही, कडू आहे. वीसेक वर्षांची असेल तर मात्र उलटं, आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, गाळ बसू द्यायचा आणि प्यायच्या जरा आधी हळूच ओतायची. आणि ज्यांना थांबायचंच नाही त्यांनी दुसरी वाइन घ्यावी, खरंच.

लेबलवर नुसतं बारोलो वाचून थांबू नका. इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांत आल्बाजवळची 11 गावं मिळून हा भाग होतो. ला मोर्रा, बारोलो या बाजूची वाइन साधारण लवकर मऊ पडते, तर सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची जास्त कडक, तिला वर्षं द्यावी लागतात. लवकर उघडायची असेल तर मी ला मोर्राचीच घेतो.

बारबेरा म्हणजे बारोलो नव्हे, ते द्राक्षच वेगळं. बारबारेस्को शेजारचा भाग, द्राक्ष तेच पण नियम वेगळे.

रूम टेम्परेचर म्हणजे पुण्यातला मे महिना नाही, 16 ते 18 अंश. सरळ वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ टाकू नका. माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर वर्षभर ठेवू नका, आडवी ठेवा, गार अंधारात.

तांबड्या रश्श्याबरोबर तर मुळीच नको. मिरची, टॅनिन आणि वर 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, तोंडाची नुसती आग होते. तिकडे ती बारोलोतच तासन्‌तास शिजवलेल्या बीफबरोबर, नाहीतर लोणी आणि पांढरं ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी) घातलेल्या ताजारिन या बारीक अंड्याच्या शेवयांबरोबर पितात. आपल्याकडे माझ्या मते अळणी मटण सगळ्यात छान जमतं, मिठाचा हात सांभाळून, वर थोडी मिरपूड.

एक ग्लासभर राहिली तर टाकू नका, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्या. तरुण बारोलो मला बऱ्याचदा तेव्हाच जास्त आवडलीय.