घरच्या ओट्यावर खेळघर सुरू करायचंय? मग हे वाचा

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात पुढच्या खोलीत खेळघर चालवते, त्यावरून सांगते. सुरुवातीला बाराच मुलं घ्या आणि सोबत एक ताई हवीच, एकाला शूला नेलं की बाकीचे अकरा कोण बघणार! महागडी खेळणी नकोत, वाळू, माती, लाकडी ठोकळे, जुन्या साड्या, डबे-झाकणं यावर वर्ष निघतं, फक्त मणी, चिंचोके तीन वर्षांच्या मुलांना अजिबात नाही, आणि पाण्याची बादली भरून ठेवून वळायचं नाही.

रोज तासभर सलग मोकळा खेळ ठेवा आणि मधे टोकू नका. मूल तोच डबा वीस वेळा भरतं, रिकामा करतं, तेव्हा ते कमी म्हणजे काय, जास्त म्हणजे काय हे शिकत असतं.

घरी मराठी, गल्लीत गुजराती, दोन्ही चालू द्या, मराठी बडबडगीतं पण आणि गुजराती जोडकणां पण.

पालक विचारतातच, लिहायला कधी? त्यांना अर्धा तास बसवून दाखवा, शेंगा सोलून, कणीक मळून बोटं कशी तयार होतात ते. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढलं तेही याच विश्वासावर, आणि २०२० चं शिक्षण धोरणही लहान वयात खेळातूनच शिकवा म्हणतं.