घरी कलिल चांदी तयार करताना या चुका टाळा

चांदीच्या दोन तारा, काचेचा पेला, पाणी आणि नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एवढ्या सामानात कलिल चांदी, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर (पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण), घरातल्या टेबलावर तयार करता येते. विद्युत अपघटन, म्हणजे विजेच्या साहाय्याने घडणारा रासायनिक बदल, डोळ्यांनी पाहण्यासाठी हा प्रयोग फार उत्तम आहे. काही जण ते औषध म्हणून पितात, मात्र हे द्रावण पिण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याची कारणे पुढे येतील.

सर्वाधिक घोळ पाण्यामुळे होतो. मी पहिल्यांदा बोअरवेलचे पाणी वापरले, तेव्हा थोड्याच वेळात धन टोकाला जोडलेल्या तारेवरून पांढऱ्या धुरासारखे लोट खाली उतरू लागले, पेला ताकाच्या निवळीसारखा गढूळ झाला आणि चांदी तयार झाली असे मी समजलो. प्रत्यक्षात ते सिल्व्हर क्लोराइड होते. पेला उन्हात राहिला तेव्हा तेच जांभळट काळे पडले. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच आणि आरओच्या पाण्यातही काही क्षार उरतात. वीज लवकर वाहावी म्हणून चिमूटभर मीठ टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने चांदीचे कलिल न होता क्लोराइडचा साका तयार होतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी वापरायचे असेल, तर पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य किंवा एक आकडा दिसल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरी चूक धातूची. जुने पैंजण किंवा घरातला राणीछाप रुपया यासाठी वापरू नये. त्या रुपयात चांदी सुमारे 91.7 टक्केच असते, आणि उरलेल्या भागातले तांबेही पाण्यात उतरते. सराफाकडून 99.9 टंचाची तार मागून घ्यावी.

द्रावण करडे, गढूळ झाले आणि तळाशी काळा गाळ बसला, तर बहुधा विद्युतप्रवाह हाताबाहेर गेलेला असतो. चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यात मिसळत जातात तसे पाणी अधिक वीज वाहून नेते, त्यामुळे प्रवाह वाढतो, ऋण टोकाच्या तारेवर काळी लव साचते आणि तिचे तुकडे सुटून पाण्यात पडतात. बॅटऱ्या एकसर जोडल्या की 27 व्होल्ट मिळतात. त्या मंडलात 27 किलोओहमचा रोधक घातला, तर प्रवाह एक मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही. अधूनमधून पाणी ढवळावे, आणि लव दिसताच बॅटरी काढून तार पुसावी. घरातल्या विजेच्या प्लगशी मात्र या तारा कधीही जोडू नयेत.

मोजमापाची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. टीडीएस मीटर पाण्याची वाहकता मोजतो आणि तिचे क्षारांच्या आकड्यात रूपांतर करतो. चांदीचे कण त्याला दिसत नाहीत, त्यामुळे त्यावरचा आकडा म्हणजे चांदीचे प्रमाण नव्हे. वाहिलेल्या विजेवरून विरघळलेल्या धातूचे वजन काढणाऱ्या फॅरडेच्या नियमाने हिशेब केला, तर एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास जास्तीत जास्त चार मिलिग्रॅम चांदी विरघळते. पाव लिटर पाण्यात ती लिटरमागे 16 मिलिग्रॅम होते. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे, म्हणजे तासाभराचा साधा प्रयोग त्या मर्यादेच्या 160 पट पुढे जातो.

द्रावण पाण्यासारखे स्वच्छ राहिले, तर प्रयोग फसला असे समजू नये. थोडे द्रावण वेगळे काढून त्यात मिठाचा एक खडा टाकावा. पांढरा ढग उठला, तर त्यात चांदी आहे, पण ती मुख्यतः आयनांच्या रूपात आहे. खऱ्या कलिलाला फिक्या चहासारखी पिवळसर झाक असते आणि अंधारात लेसरचा किरण त्यातून रेषेसारखा उमटतो. भिंतीवरून परतणारा किरण डोळ्यांत जाणार नाही, अशा बेताने पेला ठेवावा.

आता पिण्याविषयी. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी वर्ष 2000 च्या संगणकीय गोंधळात प्रतिजैविके मिळणार नाहीत या भीतीने 1999 पासून घरी केलेली कलिल चांदी घेतली, आणि त्यांची त्वचा निळसर करडी पडली. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1999 मध्येच डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी अशी चांदीची औषधे सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम केला. थायरॉइडच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविकांचे शोषणही चांदीमुळे कमी होऊ शकते. भाजलेल्या त्वचेवर डॉक्टर चांदीयुक्त मलम लावतात हे खरे, पण तिथे मात्रा ठरलेली असते आणि औषध बाहेरून लावायचे असते. मिठाईवरचा वर्ख खातोच ना, असेही विचारले जाते. तो धातूचा पापुद्रा असतो, तर आपल्या पेल्यात विरघळलेले आयन असतात. दोन्हींचा हिशेब एक नाही. या द्रावणाचे थेंब लहान मुलांच्या डोळ्यांत किंवा नाकात घालू नयेत, हे मी हात जोडून सांगतो.

द्रावण ठेवायचेच असेल, तर गडद काचेच्या बाटलीत, वर "पिऊ नये" अशी ठळक चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे. नको असलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण चांदीचे आयन पाण्यातल्या जीवांना मारक असतात. त्यात मीठ घालून साका पूर्ण बसू द्यावा, तो गाळणकागदावर घेऊन वाळवावा आणि पुडीत बांधून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या रासायनिक कचऱ्यात जमा करावा.