साइडचेन निवडताना या चुका टाळा: फी नंतर बघा, आधी सह्या मोजा

‘इथेरियमला जोडलेली आहे, म्हणजे तितकीच सुरक्षित’ हा समज सगळ्यात महागात पडतो. साइडचेन म्हणजे इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनला जोडलेली, पण स्वतंत्र चालणारी साखळी. तिचे व्यवहार तपासणारे व्हॅलिडेटर वेगळे असतात. इथेरियमवर असतं ते फक्त ब्रिजचं, म्हणजे दोन साखळ्यांमध्ये पैसे नेणाऱ्या पुलाचं कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम), आणि सगळ्यांच्या ठेवी त्यात अडकलेल्या. ते कॉन्ट्रॅक्ट किती जणांच्या सहीने पैसे सोडतं, हा तुलनेतला पहिला आकडा.

पण नुसता आकडाही फसवतो. मार्च 2022 मध्ये रोनिन या गेमिंगच्या साइडचेनच्या ब्रिजला 9 पैकी 5 सह्या लागत होत्या. त्यातल्या 4 चाव्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी अ‍ॅक्सी डीएओ या सदस्यांच्या मतांनी चालणाऱ्या संस्थेची. तिच्या वतीने सही करायची तात्पुरती मुभा कंपनीला मिळाली होती, काम संपल्यावर ती काढायची राहून गेली. 1,73,600 इथर (इथेरियमचं नाणं) आणि 2.55 कोटी यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं नाणं) चोरीला गेले, आणि सहा दिवस कुणाला पत्ता नाही. एकाला 5,000 इथर काढता येईनात, तेव्हा बोंब झाली. कॉन्ट्रॅक्टच्या कोडचं ऑडिट कितीही चोख असतं तरी यातलं काही त्यात दिसलं नसतं. हार्मनी या दुसऱ्या साखळीच्या ब्रिजला तर 5 पैकी 2 सह्या पुरत होत्या. जून 2022 मध्ये तिथून सुमारे 10 कोटी डॉलर गेले.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर ब्रिजचा पत्ता उघडा, ‘रीड अ‍ॅज प्रॉक्सी’मध्ये ओनर किंवा अ‍ॅडमिन कोण ते बघा. तो सेफ वॉलेट (अनेकांच्या सह्यांनी चालणारं) असेल तर ‘गेटओनर्स’ (सही करणारे) आणि ‘गेटथ्रेशोल्ड’ (किमान सह्या) वाचा. टाइमलॉक (बदल लागू व्हायच्या आधी ठरावीक वेळ थांबवणारं कुलूप) असेल तर ‘गेटमिनडिले’ किती सेकंदांचा आहे ते पाहा; शून्य असेल तर अपग्रेड एका झटक्यात होतं, तुम्हाला पैसे काढायला वेळच मिळत नाही. ओनर म्हणून एकटं साधं वॉलेट दिसलं तर पुढची तुलना करायची गरज नाही. रोलअपलाही, म्हणजे आपल्या व्यवहारांचा हिशेब इथेरियमवर टाकणाऱ्या साखळ्यांनाही, हीच तपासणी लावा. हिशेब आधी खरा धरणाऱ्या ऑप्टिमिस्टिक रोलअपमधून पैसे काढताना लागणारे साधारण 7 दिवस अनेकांना दोष वाटतात. खोटा हिशेब पकडायची मुदत तीच.

‘इतके ब्लॉक झाले, आता पक्कं’ असा कोड लिहू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये पॉलिगॉन या साइडचेनवर 157 ब्लॉक मागे फिरले, म्हणजे साखळीतून बाद झाले होते. ठेव जमा धरताना ब्लॉक मोजण्यापेक्षा नोडला (साखळीशी जोडलेल्या संगणकाला) ‘फायनलाइज्ड’, म्हणजे कायमचा पक्का झालेला ब्लॉक विचारा.

याचा अर्थ साइडचेन वाईटच असं नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीच्या दाखल्यांसाठी 2022 मध्ये पॉलिगॉन निवडलं गेलं. अशा कामात साखळीवर दाखल्याचा हॅश (डिजिटल ठसा) असला की भागतं, ब्रिजमध्ये कुणाचा पैसा अडकत नाही. तिथे स्वस्त फी हा रास्त निकष आहे.

एका साखळीवरचा सेफ दुसऱ्या साखळीवर आपोआप आपला होत नाही. 2022 मध्ये विंटरम्यूट या ट्रेडिंग कंपनीने ऑप्टिमिझम या रोलअपवर 2 कोटी ओपी टोकन घेण्यासाठी इथेरियमवरच्या सेफचा पत्ता दिला. ऑप्टिमिझमवर तो सेफ उभाच केलेला नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी त्या पत्त्यावर स्वतःचा उभा करून टोकन ताब्यात घेतले. आधी तिथे डिप्लॉय करा, थोडी रक्कम पाठवून ती परत काढून बघा, मगच मोठी पाठवा.

आणि डिप्लॉय करतानाच ‘इनव्हॅलिड ओपकोड’ आलं तर कोड उकरत बसू नका. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेच्या 0.8.20 पासून कंपायलर पुश-झिरो हा ओपकोड (यंत्राला दिलेली सूचना) वापरतो आणि इथेरियमचं शांघाय अपग्रेड न घेतलेल्या साखळ्यांना तो कळत नाही. ईव्हीएमचं (कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या यंत्राचं) व्हर्जन ‘पॅरिस’ ठेवून पुन्हा कंपाइल करा.