मृगाआधी गायरी तळापर्यंत उपसा: दारच्या माडांसाठी पावसाळापूर्व सल्ला

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्याआधीच्या पंधरवड्यात कोकणातल्या घरोघरी आंबे उतरवणे, घर शाकारणे, लाकडे आत भरणे अशी कामे एकदम अंगावर येतात आणि परसातल्या गायरीकडे, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याकडे, पाहायला कोणाला सवड उरत नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जे माड शेंड्यातून मरताना मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांपासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षे न उपसलेली गायरी होती. त्यामुळे या पंधरवड्यात एकच काम करणे शक्य असेल, तर ते गायरी उपसण्याचे करावे.

माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा माडावर वाढत नाही. मादी कुजणाऱ्या शेणात, पालापाचोळ्यात आणि सडक्या खोडात अंडी घालते. त्यांतून निघालेली जाड, पांढरट, तपकिरी डोक्याची आणि अर्धगोल वाकलेली अळी तीन ते सहा महिने तिथेच खात राहते, शेणातच कोष करते आणि भुंगा होऊन संध्याकाळी माडाकडे उडते. शेंड्यात शिरलेला भुंगा न उमललेली सुरळी चावून चोथा करतो, आणि काही आठवड्यांनी ती झावळी उघडते तेव्हा कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गेलेले दिसतात. कापलेली झावळी दिसेपर्यंत भुंगा आपले काम करून गेलेला असतो. त्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, जखमेत अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्यांनी खोड आतून पोखरल्यावर शेंडा कलला की तो माड वाचत नाही.

गायरी उपसताना वरवर फावडे मारून उपयोग होत नाही, कारण अळ्या खालच्या ओलसर, भुसभुशीत थरात असतात. शेण तळापर्यंत काढून उन्हात पातळ पसरावे, ढेकळे फोडावीत आणि कोंबड्या सोडाव्यात. सकाळी लवकर हे काम काढले तर श्रम जाणवत नाहीत. फणसाखालच्या गायरीतले शेण उन्हात पसरले जात असते, कुंपणावरून भारद्वाज उतरून एकेक अळी उचलून नेतो, आणि घरातली मुलेसुद्धा अळ्या वेचायला आपणहून येतात. परसातल्या कामाचा खरा आनंद अशा सकाळी मिळतो. फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीतल्या गायरीत उघड्यावरच्या गायरीपेक्षा अळ्या जास्त सापडतात, असा माझा अंदाज आहे, म्हणून तिथे आधी हात घालावा.

गायरी पूर्ण रिकामी करणे शक्य नसेल, तर मेटारायझियम ही मित्रबुरशी पाकिटावरील प्रमाणाने पाण्यात कालवून शेणात मिसळावी. ती कोरड्या, तापलेल्या शेणात तग धरत नाही, म्हणून पहिल्या पावसानंतर शेण ओलावले की वापरावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करावी आणि मुदत तपासूनच पाकीट घ्यावे.

पडलेल्या माडांची खोडेही तितकीच घातक असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक वाड्यांत उन्मळलेले माड तसेच कुजत राहिले आणि भुंग्याला आयते घर मिळाले. खोड फोडून जळणाला वापरावे आणि बुंधा उकरून काढावा.

शेंड्यासाठी शिफारस अशी आहे की २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तितकीच बारीक वाळू एकत्र करून सुरळीलगतच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत मे, सप्टेंबर आणि डिसेंबर महिन्यांत भरावी. भुंगा भोकात असेल तर माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून लोखंडी आकडीने ओढून काढावा. दुकानात याच दिवसांत शेंड्यात टाकायची दाणेदार विषे आणि ‘माडाचे टॉनिक’ म्हणून महागड्या बाटल्या पुढे केल्या जातात. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, आणि विहिरीला लागून असलेल्या माडावर कोणतेही दाणेदार विष टाकू नये. गायरीत अळ्या वाढत असतील तर बाटलीचे पैसे वायाच जातात.

नेहमीची कामे:

- पाच वर्षांवरील माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश.
- शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये; युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारीत समान वाटून.
- सुक्या झावळ्या आणि जुन्या पोयी (वाळके फुलोरे) काढणे.
- आळ्यात पाणी साचू न देणे, पाट मोकळे करणे.
- सुपारीच्या शिंपुटांवर (घोसांवर) पावसापूर्वी एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण), दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी.

बोर्डो घरीच करावे. पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि वेगळ्या पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून, चुन्याची निवळी गाळून, दोन्ही एकत्र ओतावे. घासलेली लोखंडी कोयती त्यात बुडवून पाहावी, आणि पात्यावर तांबूस पुट चढले तर थोडी चुन्याची निवळी आणखी घालावी. द्रावण त्याच दिवशी संपवावे.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ओटीवरच्या दिव्याला काळे, शिंगाचे भुंगे येऊन आपटू लागले, तर उगमस्थान जवळच आहे असे मी धरून चालतो. आपली गायरी स्वच्छ असूनही ते येत असतील तर ती शेजारची असते, म्हणून वाडीतल्या सर्वांनी एकाच आठवड्यात उपसा करावा. नंतर दर दोन महिन्यांनी शेण तळापासून वरखाली करावे. पुढची पाळी ऑगस्टमध्ये, भातलावणीतून हात मोकळे झाले की लगेच घ्यावी.